चूकभूल द्यावी, घ्यावीही

कॉटन ग्रीन स्टेशनाबाहेर आलं की समोर कॉटन एक्सचेंजची इमारत दिसते. कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचं कार्यालय याच इमारतीत आहे. १९२१ साली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन म्हणून सुरू झालेली ही संस्था रुईचे भाव जातवार जाहीर करते. प्रत्येक जातीपुढे दोन आकडे असतात, एक क्विंटलचा आणि दुसरा खंडीचा. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. समजा, एखाद्या दिवशी क्विंटलचा आकडा चुकून खंडीच्या रकान्यात पडला. कागदावर रुई एका क्षणात साडेतीन पटींनी स्वस्त झाली. बाजारात काय होईल? काहीही नाही. जिनिंगवाला, दलाल, गिरणीचा खरेदीदार असे सगळे तो आकडा पाहून हसतील आणि कोणीतरी फोन करून दुरुस्त करायला सांगेल. ‘छापलंय ना, मग त्याच भावाने माल द्या’ असं म्हणणाऱ्याशी पुढे कोणी सौदा करणार नाही.

आता तिथून काळाचौकी ओलांडून लालबागला, नाहीतर हिंदमाताच्या कापडबाजारात या. दिवाळीचा सेल लागलाय. १,९९९ च्या साडीवर ९९९ ची चिठ्ठी लागली आहे. बाई साडी निवडून गल्ल्यावर येतात, यंत्र १,९९९ दाखवतं आणि दुकानदार म्हणतो, “ताई, चिठ्ठी चुकून लागली.” “मग त्यात माझा काय दोष?” असं त्या विचारतात, आणि मागच्या रांगेतली माणसं माना डोलावतात.

दोन्हीकडे चूक एकाच जातीची आहे. पण पहिल्या ठिकाणी तिचा फायदा मागणारा लबाड ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो फायदा नाकारणारा. लोकांची ही दोन मतं विसंगत नाहीत, त्यांच्यामागे एकच तत्त्व आहे असं मला वाटतं. चूक समोरच्याला दिसत असेल, किंवा सरळ मनाने पाहिलं तर दिसायलाच हवी असेल, तर तिचा फायदा घेऊ नये. चूक दिसण्यासारखी नसेल, तर ज्याने भाव जाहीर केला त्यानेच ती सोसावी. भाव पाळणं हा नियम आणि त्यातून सुटका हा अपवाद. आज दुकानांतून आणि त्याहून जास्त ऑनलाइन बाजारातून हा क्रम उलटा लावला जातो. तो सरळ का करावा, हे सांगण्यासाठी हा लेख.

सौद्यातल्या चुकांचा विचार करताना जगभरचे कायद्याचे विद्यार्थी आजही जो खटला वाचतात, तो मुंबईच्या कापसाचा आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला होता आणि लिव्हरपूलचे व्यापारी मुंबईहून येणाऱ्या सुरती कापसाची वाट पाहत होते. एका सौद्यात १२५ गाठी ‘पीअरलेस’ या जहाजाने मुंबईहून यायच्या असं ठरलं. पण पीअरलेस नावाची जहाजं दोन निघाली. एक मुंबईहून ऑक्टोबरात सुटलं, दुसरं डिसेंबरात. खरेदीदाराच्या मनात पहिलं होतं, विक्रेत्याने माल दुसऱ्यावरचा दिला. १८६४ साली निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला. दोघांच्या मनात एकच गोष्ट नव्हती, तर करार झालाच कुठे, असा त्या निकालाचा अर्थ पुढे लावला गेला.

दुकानदाराला हा खटला जवळचा वाटेल. ‘माझ्या मनात १,९९९ होते, बाईंच्या मनात ९९९, मग सौदा झालाच नाही,’ असं तो म्हणू शकेल. पण पीअरलेसमध्ये चूक दोघांचीही नव्हती. शब्दच असा होता की त्यातून दोन अर्थ निघत होते. ९९९ मधून दुसरा अर्थ निघत नाही. इथे एकानेच चुकीचं लिहिलं आणि दुसऱ्याने ते बरोबर वाचलं. भारतीय करार कायद्याने, म्हणजे १८७२ च्या कायद्याने, हा फरक स्पष्ट केला आहे. वस्तुस्थितीबद्दल दोन्ही पक्षांची मूलभूत चूक असेल तर कलम २० प्रमाणे करार शून्य. चूक एकाचीच असेल तर केवळ तेवढ्यावर करार मोडता येत नाही, असं कलम २२ सांगतं. आपल्या गफलतीचं ओझं दुसऱ्यावर टाकू नये, हा साधा विचार त्यामागे आहे.

मग दुकानदार सुटतो कसा? करार झाला कधी, या प्रश्नाच्या फटीतून. मांडणीवरची चिठ्ठी हा प्रस्ताव नव्हे, ते प्रस्तावाला आमंत्रण, असं इंग्लंडच्या न्यायालयांनी १९५३ च्या बूट्स औषध दुकानाच्या खटल्यात ठरवलं आणि आपल्याकडेही हाच भेद मानला जातो. गिऱ्हाईक वस्तू गल्ल्यावर नेतं तो प्रस्ताव, दुकानदार पैसे घेतो ती स्वीकृती. त्यामुळे गल्ल्यावर ‘नाही’ म्हणायला तो मोकळा. ऑनलाइन दुकानांनी ही फट आणखी रुंद केली. माल रवाना होईल तेव्हाच करार झाला असं मानावं, असं कलम त्यांच्या अटींमध्ये अनेकदा असतं. पैसे आधी कापायचे आणि करार नंतर झाला म्हणायचं.

कायद्याच्या दृष्टीने हे चालेल. पण आपला प्रश्न कायदा काय करू देतो एवढाच नाही. दुकानदाराने काय करायला हवं, हा आहे, आणि त्यासाठी जाहीर भाव ही काय चीज आहे हे पाहावं लागतं.

पूर्वी कापसाच्या बाजारात भाव बोलला जात नसे. दोघं व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं धरत, भाव ठरे, आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नसे. बाजार समित्यांच्या नियमांनी या ‘हत्ता’ पद्धतीला मनाई केली, कारण त्यात शेतकरी नागवला जाई. किरकोळ दुकानात रुमाल नव्हता, पण घासाघीस होती. घासाघिशीत दुकानदाराने पहिल्यांदा सांगितलेला भाव कोणावरच बंधनकारक नसतो. तो चुकून कमी सांगितला गेला तर दुकानदार शब्द फिरवू शकतो, चुकून जास्त सांगितला तर गिऱ्हाईक तो खाली ओढू शकतं. दोघांच्याही हातात दुरुस्तीचं साधन असतं.

मग ‘एकच भाव’ अशी पाटी लागली. ‘कृपया भाव करू नये’ असं दुकानदाराने नम्रपणे लिहिलं आणि गिऱ्हाइकाच्या हातातलं साधन काढून घेतलं. त्यात गिऱ्हाइकाचाही फायदा झाला. ज्याला भाव करता येत नाही, लाज वाटते किंवा वेळ नाही, त्यालाही तोच दर मिळू लागला. पण हा बदल एक देवघेव होती. तू भाव करायचा हक्क सोड, मी भाव पाळायची हमी देतो. हक्क काढून घेतला आणि हमी मात्र आपल्याला नको तेव्हा मागे घेतली, तर ती देवघेव राहत नाही. गिऱ्हाईक चिठ्ठीवरच्या भावाला ‘नाही’ म्हणू शकत नाही, म्हणूनच दुकानदारालाही सहजी म्हणता येऊ नये.

लालबागच्या याच गिरणगावात कापडावरचा छापील भाव अनेक वर्षं कायद्याचा विषय होता. दुसऱ्या महायुद्धात कापडटंचाई झाली तेव्हा सरकारने १९४३ साली कापड आणि सुताचा नियंत्रण आदेश काढला आणि गिरण्यांनी कापडावर कमाल किंमत छापावी अशी सक्ती केली. आज पाकिटावर दिसणाऱ्या एमआरपीमागेही तीच कल्पना आहे. छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा. म्हणजे वरच्या दिशेने भाव पाळायचं बंधन आपण केव्हाच मान्य केलं आहे. खालच्या दिशेने, दुकानदाराने स्वतःच्या हाताने खाली आणलेल्या भावाबद्दल, मात्र तो ‘चूक झाली’ म्हणून मोकळा होतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप हा, की उघड चुकीवर झडप घालणाऱ्यालाही आपण बक्षीस द्यायचं का? देऊ नये. १९३९ साली लंडनमध्ये अर्जेंटिनाच्या सशांच्या कातड्यांचा एक खटला झाला. ती कातडी नगावर विकली जात आणि बोलणीही नगाच्याच भावाने चालली होती, पण विक्रेत्याने लेखी प्रस्तावात तोच आकडा पौंडाच्या वजनाचा म्हणून लिहिला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत, त्यामुळे भाव तिसऱ्या हिश्शावर आला. मुरलेल्या खरेदीदाराला ही चूक कळलीच असणार, असं म्हणून न्यायालयाने सौदा अमान्य केला. आपल्या खंडी-क्विंटलच्या कल्पित गोंधळाचा हा खराखुरा जुळा भाऊ.

सिंगापूरचा त्यानंतरचा खटला यापेक्षा बोलका आहे. जानेवारी २००३ मध्ये एका संकेतस्थळावर ३,८५४ सिंगापुरी डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला लागला. सहा मित्रांनी एकमेकांना रात्रीबेरात्री कळवून १,६०६ प्रिंटर मागवले. त्यातल्या कोणाला घरी एवढं छापायचं नव्हतं. चूक आहे हे ओळखूनच ती लुटायला ते निघाले होते, असं न्यायालयाने पुराव्यावरून ठरवलं आणि २००५ साली अपिलातही ते हरले. संख्या इथे मनातलं उघड करते. एक प्रिंटर घेणाऱ्याला ‘सेल असेल’ असं वाटू शकतं, शेकड्यांनी घेणाऱ्याला तो सेल नाही हे ठाऊक असतं.

तेव्हा कसोटी ठरली ती अशी: सामान्य, सरळ गिऱ्हाइकाला हा भाव खरा वाटला असता का? पण ही कसोटी लावताना सेल नावाचा प्रकारही लक्षात घ्यायला हवा, कारण भावाबद्दलची आपली समज बिघडवण्याचं काम सेलनेच केलं आहे. शाओमीने २०१६ च्या दिवाळीत एक रुपयात फोन देण्याची योजना जाहीर केली होती. नव्वद टक्के सूट, एकावर दोन फुकट, शेवटची दहा मिनिटं, अशी आरोळी रोज ऐकणाऱ्या माणसाने कुठला स्वस्त भाव खरा मानायचा आणि कुठला खोटा? २०१४ साली ओडिशातल्या एका विद्यार्थ्याला अॅमेझॉनवर २३,४९९ चा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला. त्याने मागवला, मागणी नोंदली गेली, आणि काही वेळाने ती रद्द झाली. तो ग्राहक मंचात गेला. २०२१ साली राज्य आयोगाने त्याला लॅपटॉप नव्हे, पण भरपाई मिळवून दिली आणि कंपनीला दंडही केला.

हा निकाल पहिल्यांदा वाचला की १९० रुपयांत कोणाला लॅपटॉप मिळतो का, असं मनात येतं. पण मग हेही आठवतं की २०१४ मध्येच ६ ऑक्टोबरला फ्लिपकार्टने आपला पहिला ‘बिग बिलियन डे’ भरवला होता आणि मागण्या रद्द होणं, भाव बदलत जाणं यावरून एवढी ओरड झाली की संस्थापकांना ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली. ज्या बाजाराने अशक्य भाव शक्य असल्याचं रोज सांगावं, त्यानेच ‘एवढं तर कळायला हवं होतं’ म्हणावं, हे पटत नाही. अतिशयोक्तीवर धंदा करणाऱ्याला अपवाद मागताना जास्त पुरावा द्यावा लागेल.

आता मुख्य मुद्दा. आपल्या जुन्या बिलांवर तळाशी ‘चू.भू.द्या.घ्या.’ असं छापलेलं असे. हिशेबात चूक राहिली असेल तर ती दोन्ही बाजूंनी दुरुस्त होईल, हा तो करार. आज मात्र आपल्याकडे चूक फक्त एका बाजूने दुरुस्त होते. मोठ्या दुकानात मांडणीवर ९० रुपये लिहिलेलं असतं आणि बिलात ११० लागतात. महिन्याचा किराणा भरताना चाळीस ओळींचं बिल कोण तपासतं? ज्याने तपासलं त्याला वीस रुपये परत मिळतात, ज्याने नाही तपासलं त्याचे दुकानात राहतात. याउलट दुकानाच्या तोट्याची चूक सापडायला वेळ लागत नाही, कारण ती शोधायला यंत्र आहे, हिशेबनीस आहे आणि रोजचा मेळ आहे. ‘चूक कोणाला बांधून ठेवत नाही’ हा नियम दिसायला दोघांना सारखा वाटतो, पण चालतो एकाच बाजूने. दुकानाच्या फायद्याच्या चुका न सापडता टिकतात, गिऱ्हाइकाच्या फायद्याच्या तेवढ्या पुसल्या जातात.

कॅनडातल्या किरकोळ विक्रेत्यांनी २००२ पासून एक स्वेच्छेची संहिता पाळली आहे. मांडणीवरच्या भावापेक्षा यंत्राने जास्त लावला तर दहा डॉलरपर्यंतची वस्तू फुकट, त्यावरची वस्तू खऱ्या भावातून दहा डॉलर कमी करून. चूक शोधल्याचं हे गिऱ्हाइकाला बक्षीसच. आणि दुकानाला चुकीची किंमत मोजावी लागली की चुका आपोआप कमी होतात. आपल्याकडे ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत याच विचाराची एक लहानशी तरतूद आहे. विक्रेता स्वतः एकतर्फी मागणी रद्द करतो तेव्हा जो भुर्दंड सोसत नाही, तो त्याने गिऱ्हाइकाकडूनही घेऊ नये. तत्त्व योग्य आहे. ते भुर्दंडापुरतं न ठेवता भावापर्यंत न्यायला हवं.

माझ्याविरुद्धचा एक आक्षेप मात्र मला कायद्याच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा जड वाटतो. चूक सोसणारा मालकच असेल हे कशावरून? चिठ्ठी लावणारा पोरगा सकाळी नऊला येतो आणि रात्री दहाला जातो. हजार रुपयांचा फरक मालक त्याच्या पगारातून कापून घेणार असेल, तर बाईंनी हट्टाने मिळवलेली सूट त्या पोराच्या खिशातून आली. हे खरं आहे, पण यावर उपाय गिऱ्हाइकाने गप्प बसणं हा नाही. १९३६ च्या वेतन कायद्यातही बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय नोकराच्या पगारातून नुकसानीची कपात करता येत नव्हती. कपात करून मालक आपली जोखीम सर्वांत दुबळ्या माणसावर ढकलतो आणि मग त्याच माणसाला गल्ल्यावर गिऱ्हाइकासमोर ढाल म्हणून उभं करतो. ‘साहेब, माझा पगार कापतील’ हे वाक्य ऐकून माणुसकीने साडी परत ठेवणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण ती माणुसकी गिऱ्हाइकाची आहे, मालकाचा हक्क नव्हे.

लहान विक्रेत्याचा प्रश्नही असाच. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये भाव आपोआप बदलणाऱ्या एका संगणकप्रणालीत बिघाड झाला आणि अॅमेझॉनवरच्या कित्येक छोट्या विक्रेत्यांचा माल एका पेनीला लागला. बऱ्याच मागण्या रद्द झाल्या, पण जो माल आधीच निघून गेला होता तो गेला. घरच्या घरी धंदा करणाऱ्यांना तो फटका मोठा होता. एक पेनीचा भाव सामान्य माणसाला खरा वाटूच शकत नाही, त्यामुळे आपल्या कसोटीने ते विक्रेते सुटतात. पण आणखी एक धडा त्यात आहे. जोखीम कोणाची, हे ठरवताना यंत्र कोणाच्या ताब्यात होतं हे पाहायला हवं. भाव ठरवणारं यंत्र ज्याचं, मंच ज्याचा, वाटा त्याचाही.

चूक जवळजवळ नेहमीच पाळावी लागते, असंही एक क्षेत्र आहे. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एमके ग्लोबल या मुंबईच्या दलाल कंपनीकडून चुकीच्या आकड्यांच्या विक्रीच्या ऑर्डरी नॅशनल स्टॉक एक्सचेंजवर गेल्या. साडेसहाशे कोटींहून जास्त रुपयांचे सौदे झाले, निफ्टी क्षणात नऊशे अंकांनी कोसळला आणि बाजार थोडा वेळ थांबला. ते सौदे रद्द झाले नाहीत. तिथे ही कठोरता योग्यच आहे. एकाने घेतलेला शेअर पुढच्या क्षणी दुसऱ्याकडे गेलेला असतो. मधला एक सौदा काढला तर पुढची सगळी साखळी निखळते. शिवाय दोन्हीकडे बसलेली माणसं हेच काम करून पोट भरतात. कापसाच्या बाजारालाही जाहीर आकड्याच्या पक्केपणाची सवय होती. न्यूयॉर्कहून तारेने येणारे कापसाचे उघडते आणि मिटते भाव इतके विश्वासाचे मानले जात, की १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गिरणगावात आकड्यांचा जुगार त्यांच्यावर चाले. जुगार वाईटच. पण छापून आलेला आकडा कोणी मागून बदलणार नाही, हा भरवसा त्यालाही लागत होता.

किरकोळ दुकानात अशी साखळी नसते, म्हणून तिथे शेअर बाजाराइतका कडक नियम नको. पण दुसरी एक गोष्ट असते. धंदा जाणणारा माणूस एकाच बाजूला असतो. भाव तो ठरवतो, छापतो, जाहिरात करतो, तपासणीचे पैसे वाचवतो. गिऱ्हाईक फक्त वाचतं, आणि वाचलेल्यावर विश्वास ठेवून बस पकडतं, सुट्टी टाकतं, दुसऱ्या दुकानातली वस्तू सोडून देतं. त्या विश्वासाचा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

म्हणून नियम असा असावा. भाव सामान्य माणसाला खरा वाटण्यासारखा असेल, तर दुकानाने तो पाळावा, निदान घरगुती वापराला लागेल एवढ्या मालापुरता. भाव उघड चुकीचा असेल तर मागणी रद्द करायला हरकत नाही, पण चूक कळताच, सगळ्यांची सारखी, आणि पैसे लगेच परत करून. आठवडा बसून, माल कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही हे निवडून नव्हे. दुकान चूक म्हणत असेल तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी दुकानाची. आणि पैसे घेतल्यानंतर मागणी रद्द केली तर झालेल्या त्रासाची ठरावीक भरपाई आपणहून द्यावी, त्यासाठी कोणाला सात वर्षं मंचात जायला लावू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, ज्या स्वस्त भावाने माल द्यायचाच नाही त्याची जाहिरात करणं आधीच अनुचित प्रथा मानलं आहे. हेतू सिद्ध करणं कठीण असतं, म्हणून ‘चूक’ हा शब्द आमिषवाल्यांनाही सोयीचा पडतो. भरपाई ठरलेली असली की खऱ्या चुकीला थोडी झळ बसेल आणि खोट्या चुकीचा धंदा परवडेनासा होईल.

‘यात आम्ही बुडू’ असं दुकानदार म्हणतील. पण सेल लावायची सक्ती त्यांच्यावर कोणी केलेली नाही. स्वस्ताईची हाक देऊन गर्दी जमवायची, त्या गर्दीचा फायदा सगळ्या मालावर घ्यायचा, आणि हाकेतली चूक मात्र गर्दीतल्या एकाने सोसायची, हा हिशेब जुळत नाही. छपाईसारखीच चुकीची तरतूदही जाहिरातीच्या खर्चात धरायला हवी. दुकानं आपल्या तोट्याच्या चुका जितक्या तत्परतेने शोधतात तितक्याच तत्परतेने गिऱ्हाइकाच्या तोट्याच्याही शोधू लागली, तर त्यांनी माफी मागावी आणि आपणही ती मोकळ्या मनाने द्यावी. तोवर ९९९ च्या चिठ्ठीवर साडी ९९९ लाच जायला हवी.